भट्टीमामांनी गरम केलेलं टोक

भट्टीमामा ओल्या माणसाला भट्टीजवळ फिरकू देत नसत. पावसात मालक भिजून आले तरी त्यांना दारातच अडवत. "पावणं, आधी वाळा, मग आत या." शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फाउंड्रीत मी तपासणी विभाग सांभाळते. माल पास करणारी मी, पण धातू ओतायचा की नाही हे ठरवणारे मामा.

पाण्याच्या वाफेतला हायड्रोजन वितळलेल्या धातूत विरघळतो आणि धातू गोठताना आत बारीक पोकळ्या सोडतो, हे मी त्यांना एकदा समजावून सांगायला गेले.

"म्हंजे बुडबुडं की," ते म्हणाले. "मी काय येगळं सांगतोय?"

पळी असो की झारा, धातूत बुडवण्याआधी ते भट्टीच्या तोंडावर धरून तापवत. त्यांची परीक्षा एकच. छोट्या कपात धातू ओतायचा आणि तो गोठताना वर बुडबुडा फुटतो का ते पाहायचे. नाही फुटला, की "वता" म्हणायचे. हजेरीचा कागद मात्र ते हात लांब करून वाचत. चष्मा लावा म्हटले की म्हणत, "धातू काय बारीक अक्षरात लिवलेला न्हाय."

ब्रेकचे भाग घेणाऱ्या आमच्या ग्राहकाला "वता" पुरेना. त्याला हायड्रोजनचा आकडा हवा होता. मी हट्टाने सेन्सर मागवला. त्याच्या सिरॅमिकच्या टोकात हायड्रोजनचे ठरलेले प्रमाण असते. धातूतले प्रमाण त्याहून वेगळे असेल, तर टोकाच्या दोन बाजूंत किंचित विद्युतदाब तयार होतो आणि त्यावरून आकडा निघतो. सेन्सरबरोबर आलेल्या इंजिनिअरने टोक थेट धातूत बुडवले. तडकले. दुसरेही तडकले. एकच उरले. नवीन यायला दोन महिने लागणार होते आणि ग्राहकाची माणसे त्याच आठवड्यात येणार होती.

मामा भिंतीला टेकून पाहत होते. "सायेब, गार हातानं कुणी बाळाला सुदिक उचलत न्हाय. द्या हिकडं."

त्यांनी प्रोब, म्हणजे ते टोक बसवलेली सेन्सरची दांडी, धातूच्या वर धरला आणि बोटबोटभर खाली आणत राहिले. चहा येऊन गार झाला. शेवटी टोक धातूत गेले, शाबूत. पडद्यावर आकडा आला. मर्यादेच्या बराच वर.

हाच धातू मामांनी नुकताच कपावर पास केला होता. मी ओतकाम थांबवले.

"मशीन नवं हाय, म्याडम. सवय व्हऊ दे की जरा."

"मामा, हे ब्रेकचे भाग आहेत."

"मग एक वता आनि कापा. उगं भांडाय नको."

ओतला, गार केला, कापला. कापलेल्या तोंडावर मोहरीहून बारीक भोके होती. मला लांबूनही दिसली. मामा तो तुकडा घेऊन दारातल्या उजेडात गेले. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मग अंगठ्याचे नख त्यावरून फिरवले आणि तसेच उभे राहिले.

"दिसंना मला," ते म्हणाले. "नखाला लागतंय."

मग तुकडा माझ्या हातात देत म्हणाले, "सकाळी मी पास केलेला माल बी कापा. गाडीत भरला असंल तर उतरवा."

उतरवला. निम्म्याहून अधिक पुन्हा भट्टीत गेला. ग्राहकाची माणसे आली तेव्हा मी त्यांना आकडे दाखवले आणि टोक बुडवले मामांनी. त्यानंतर कपावर ते कधी "वता" म्हणाले नाहीत. टोक कसे तापवायचे ते दोघांना शिकवून पावसाळ्याआधी ते चंदगडला आपल्या काजूंकडे निघून गेले. निरोपाचा नारळ घेताना एवढेच म्हणाले, "कोरड्या जागंला ठिवा ह्यो सेन्सर."

मोतीबिंदू काढला आहे, असे ऐकते. पावसाळ्यात रोज सकाळी पहिल्या ओतकामाआधी त्यांचा फोन येतो.

"आकडा?"

मी सांगते.

"टोक तापवलंसा?"

"तापवलं."

"मग वता."

फोन उशिरा आला तर मी थांबणार नाही. त्यांना ते ठाऊक आहे. म्हणून तो उशिरा येत नाही.