स्कूटीवरून काढलेली सुधारित आवृत्ती

माझ्या कादंबरीचे महाराष्ट्रात किती वाचक आहेत ते प्रकाशकाला ठाऊक नाही, मला तर नाहीच. रायपुरातले मात्र मला तोंडपाठ आहेत. कोण कितव्या पानावर झोपलं, कोणाच्या घरी ती कुलरच्या पायाखाली गेली, सगळं. इथल्या मराठी घरांतली पोरं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. त्यामुळे मराठी पुस्तक शेवटपर्यंत वाचणारे इतके उरलेत, की सगळे मिळून एका टेम्पोत बसतील आणि वर ड्रायव्हरला पाय लांब करायला जागा राहील.

त्यांतली सर्वांत पक्की वाचक माझी आत्या. ब्राह्मणपाऱ्यातल्या घरात पूजा झाली की पोथीसारखी रोज चार पानं, चष्मा दोऱ्याने कानाला बांधून. महिन्याभराने तिचा फोन आला.

“ये इकडं. आत्ताच्या आत्ता.”

चौबे कॉलोनीतून मी अशी स्कूटी पळवली, की चौकातल्या पोलिसाने सलाम ठोकला असं मी अजून सांगतो.

आत्याने पान उघडून त्यावर बोट ठेवलं. “हा माणूस बायकोले थप्पड मारते?”

“कादंबरी आहे, आत्या.”

“कादंबरी आहे तं वरण-भातावर साखर घालून काहून खाते तो?”

तिथे मी पकडलो गेलो. आत्या लग्नानंतर आठव्या दिवशी माहेरी परतली ती कायमची, आणि पुढे जन्मभर शाळेत शिकवत राहिली. का परतली ते तिने कधी सांगितलं नाही. शेजारच्या मांजरीकडूनही गोष्ट काढून घेणारा मी, पण आत्याकडून एक अक्षर निघालं नाही. कादंबरीत मी गाव बदललं, नावं बदलली, नवऱ्याला रोलिंग मिलमधून उचलून पोस्टात बसवलं. त्याची वरण-भातावरची साखर तेवढी खरी ठेवली, कारण इतकी चांगली साखर मला स्वतःहून सुचली नसती. परतण्याचं कारण मात्र काही सुचेना. तीन दिवस डोकं खाजवलं आणि एक थप्पड मारून मोकळा झालो. थप्पड सोपी असते. वाचक पुढे काही विचारत नाही.

“त्यानं कधी आवाज चढवला नाही,” आत्या म्हणाली. “मीच रडत होती, आठही दिवस. मले शिकायचं होतं. आठव्या दिवशी त्यानं पेटी सायकलवर बांधली, मले समोर बसवलं आन् बाबांच्या दारात आणून सोडलं. म्हणाला, हिले शिकू द्या. साऱ्या समाजानं नावं ठेवली त्याले. त्यानं कोणाले उत्तर नाही दिलं. आन् आता तू हे छापलं.”

मी तिच्या हातातून पुस्तक घेऊन ते पान मिटलं.

“पुढच्या आवृत्तीत काढतो,” मी म्हणालो.

“तोवर तो राहील का? मी तरी राहीन का?” तिने काळा पेन घेतला, पदर खोचला. “चल. घरोघर जाऊन खोडू.”

पुण्याच्या लेखकाला हे जमणार नाही. आम्ही दोन दिवसांत सगळं रायपूर सुधारलं. आत्या मागे बसून पत्ते सांगायची, मी पुस्तक मागून घ्यायचो आणि एक ओळ काळी करायचो. एका रिटायर्ड रेल्वेबाबूंनी पुस्तक छातीशी धरलं. “थप्पड काहून काढून राहिले? पूर्ण पुस्तकात तेवढीच तं जागा चांगली आहे.” मराठी मंडळाच्या वाचनालयात आत्याने ग्रंथपालबाईंना गुडघेदुखीत गुंतवलं आणि मी कपाटाआड बसून, स्वतःच्याच पुस्तकाची चोरी करावी तशी, ओळ खोडली.

शेवटची प्रत आत्याच्या त्या आठ दिवसांच्या नवऱ्याकडेच होती. एका कार्यक्रमात त्याने ती माझ्याकडून सही करून नेली होती, आणि मी शहाणा, वाटलं होतं की तो पुस्तकात स्वतःला ओळखणार नाही. तो उरला या कारखान्यांच्या वस्तीच्या वाटेवर मुलाकडे राहतो. दुसरी बायको जाऊन काही वर्षं झाली. दार त्यानेच उघडलं. आत्याला बघून आधी शर्टाचं वरचं बटण लावलं.

पुस्तकाला त्याने कव्हर घातलं होतं.

“काकाजी, त्यात ती थप्पड...” मी सुरुवात केली.

“वाचली. राहू द्या ती.” तो आत्याकडे बघून बोलत होता. “थप्पड आहे तं तुम्ही काहून परतल्या, हे कोणी विचारत नाही. खोडली का पुन्हा तुमच्यावरच बोलतील लोकं. मले या वयात काय फरक पडते?”

“मले पडते,” आत्या म्हणाली.

तिने माझ्या हातातून पेन घेतला. ओळ पट्टीने आखावी तशी सरळ खोडली आणि समासात, वर्गातल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: ‘सायकलवर घरी पोचवून दिलं.’ पुस्तक त्याच्याकडे दिलं.

त्याने हात लांब करून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“पेटी भारी होती तुमची,” तो म्हणाला.

“पुस्तकं होती तिच्यात,” आत्या म्हणाली.