बार्शीटाकळीच्या रस्त्यावरची हरवलेली झाडं

वऱ्हाडात फिरायला म्हणून कुणी जात नाही, निदान आमच्या पुण्यातून तरी. कोकण, हंपी, राजस्थान या यादीत अमरावती-अकोल्याचं नाव घेतलं की समोरचा विचारतो, "तिकडे कोण आहे तुझं?" माझं तिकडे कुणीच नव्हतं. शिवाय गेली काही वर्षं अशी, की वऱ्हाड पेपरात येतो तो एकाच प्रकारच्या बातमीतून, शेतकऱ्याने जीव दिल्याच्या. आई म्हणाली, "दुसऱ्या कुणाला पाठवत नाहीत का?" पाठवतच होते. पण जो जाणार होता त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, म्हणून मी हात वर केला.

माझं काम काय, ते आधी सांगते. रस्ता, धरण, कारखाना असं काही मोठं उभं राहतं तेव्हा त्या भागाचं रूप बदलतं. ते कमीत कमी बिघडावं म्हणून काही गोष्टी कबूल केलेल्या असतात. मातीचे ढीग सपाट करायचे, मुरमाच्या खाणी बुजवायच्या, घरांसमोर झाडांचा आडोसा करायचा. त्या खरंच झाल्या का, हे मी जाऊन बघते. काम सुरू होण्याआधी ठरावीक जागांवरून फोटो काढून ठेवलेले असतात. त्याच जागी उभं राहून, त्याच उजेडात पुन्हा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. लोक निसर्ग बघायला प्रवास करतात, मी त्याला किती लागलंय ते बघायला करते.

या वेळी अमरावती-अकोल्याकडच्या नव्या रस्त्याचं काम होतं. जानेवारीचा शेवट होता. वऱ्हाडात जायचं तर हेच दिवस. मार्चनंतर तिकडचं ऊन पुण्याच्या माणसाला उभं जाळतं. पुण्याहून संध्याकाळी निघालेली गाडी सकाळी बडनेऱ्याला पोचली. स्टेशनाबाहेर अनीसभाई जीप घेऊन उभे होते. पन्नाशीचे, बार्शीटाकळीचे, डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात मफलर. या रस्त्याच्या कामावर येणाऱ्या साहेबलोकांना हेच फिरवायचे.

"ताई, आधी खायाचं का आधी काम?"

"आधी खायचं."

"मग जमते आपलं," असं म्हणून त्यांनी जीप अमरावती शहरात घेतली आणि एका गाड्यासमोर उभी केली. गिला वडा तिथे पहिल्यांदा खाल्ला. दह्या-चटणीत बुडालेला, थंड, तरी कानातून धूर काढणारा. अमरावतीला गेलात तर सकाळीच खा, दुपारपर्यंत संपतो.

पहिला दिवस मोर्शीच्या बाजूला गेला. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. इथे काम नीट झालं होतं. जुन्या चिंचा वाचवायला रस्ता एके ठिकाणी किंचित वळवलेला, आणि फोटोत ते वळण पूर्वीपासूनचं वाटावं इतकं सहज. मी एका बांधावर कॅमेऱ्याची तिपाई लावून उभी असताना बागेचा मालक आला, काय चाललंय ते शांतपणे बघत राहिला आणि माझ्या पिशवीत ओंजळीने संत्री टाकायला लागला. मी पैसे काढले तर म्हणाला, "तुमी आमच्या बागेचा फोटो फुकट काढून राहिल्या, मग संत्रं काहून इकत घेता?" मी पैसे परत ठेवले. ती संत्री पुढे तीन दिवस पुरली.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरमार्गे अकोला. या पट्ट्यात काम चालू होतं, त्यामुळे जागोजागी वळणवाटा आणि धूळ. नाकाला रुमाल बांधा आणि सकाळी लवकर निघा, एवढंच सांगेन. पण धूळ बसली की दोन्हीकडे काळीभोर जमीन दिसते, शेवटच्या वेचणीला आलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मध्येच एखादी सरकी काढायची जिनिंग आणि तिच्या आवारात कापसाचा डोंगर. अकोल्यात स्टेशनजवळ उतरले. खोली मागच्या बाजूची मागा, पुढच्या खोलीत ऑटोवाले झोपू देत नाहीत. जेवायला तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर, पुण्याच्या मानाने फार स्वस्तात.

आता तिसऱ्या दिवसाचं सांगते, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यासाठी.

बार्शीटाकळीच्या अलीकडे एक लहान गाव आहे. नवा रस्ता बरोबर गाव आणि गावाची शेतं यांच्या मधून गेला. ट्रकांची धूळ आणि वर्दळ घरांना दिसू नये म्हणून गावाच्या बाजूने करंज आणि कडुनिंबाची दुहेरी रांग लावायची, असं आमच्याच कंपनीने सुचवलेलं. पावसाळ्यात झाडं लागली. आणि शेवटच्या काही घरांसमोरची सगळीच्या सगळी गायब झाली.

तिथे तायडे आमची वाट बघत होते. ठेकेदाराचे सुपरवायझर, अकोल्याचेच, तिशीतले, डोळ्यांत झोप नसलेले. "मॅडम, बघा," ते म्हणाले. "पुन्हा लावली, पुन्हा गेली. बकऱ्यांनी खाल्ली असती तर खोड राहिलं असतं. इथं नुसते खड्डे. लोकं उपटून राहिले. तुम्ही तेवढं लिहून द्या, मी काटेरी तार मारतो आणि पोलिसात तक्रार करतो. वरून रोज फोन येतात मला."

खड्डे मी वाकून पाहिले. उपटल्यासारखे नव्हते, कडेने नीट खणून मुळासकट काढल्यासारखे होते. अनीसभाई जीपला टेकून दुसरीकडे बघत होते.

जुना फोटो आखलेल्या रस्त्याच्या मध्यावरून, गावाकडे तोंड करून काढलेला होता. तो पुन्हा काढला. मग वाटलं, झाडं ज्यांच्यासाठी लावली त्यांच्या दारातून हे कसं दिसतं तेही बघावं. तायड्यांना म्हटलं, तुम्ही थांबा, आणि एकटीच गेले.

शेवटच्या घराच्या ओट्यावर कुसुमताई तूर पाखडत बसल्या होत्या. चाळिशीच्या, उंच, कपाळावर मोठं कुंकू. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि सरळ म्हणाल्या, "झाडं ना? आमीच काढले."

मला वाटलं होतं, नाही म्हणतील. "काहून?" माझ्याही तोंडून वऱ्हाडी आलं.

त्या हसल्या. मग मला ओट्यावर, स्वतः बसल्या होत्या तिथेच बसवलं. "पाय आता. काय दिसते?"

समोर रस्ता, त्यापलीकडे पऱ्हाटी, आणि पऱ्हाटीत कमरेएवढा बुडालेला एक माणूस. वेचत होता.

"थो माहा घरवाला. दिगंबर. लहानपनी ताप आला, तवापासून कान गेले. हाका मारून उपेग नाई." त्यांनी दाराच्या कडीला बांधलेला पिवळा फडका सोडला आणि उभ्या राहून दोनदा फिरवला. मिनिटभर काहीच झालं नाही. मग त्या माणसाने मान वर केली आणि एक हात उंच धरला. "आला का हात? म्हनजे येऊन राहिला जेवाले. दोन हात केले का समजाचं, वेळ हाय. तूर बी आमी पल्याड, बांधाच्या धुऱ्याकडं लावतो. उंच तुरीत मानूस दिसत नाई."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, की ट्रकांची धूळ घरात येत असेल.

"येते ना. पुसतो." त्या पुन्हा बसल्या. आवाज जरा खाली आला. "बाई, एकट्या माहं नाई. या ओळीतल्या साऱ्याच बाया दिवसभर वावराकडं पायतात. त्याइचे घरवाले काई बहिरे नाईत. पन हे सालं कसे चालले, तुमी पेपर वाचतच असान. मानूस वावरात गेला का नजरेआड होऊ देत नाई आमी. तुमी मधात झाडाची भिंत घातली, तर पायाचं कसं?"

आमच्या अहवालात त्या जागेसमोर लिहिलं होतं: दृश्याचं महत्त्व कमी. डोंगर नाही, तळं नाही, देऊळ नाही. सपाट शेत आहे. तेवढ्यात त्याच शेतातून दिगंबरभाऊ रस्ता ओलांडताना दोन्हीकडे नीट मान वळवून बघत आले, मला पाहून हात जोडले आणि बायकोला खुणेनं काहीतरी विचारलं. तिनं खुणेनंच उत्तर दिलं. त्यात मी झाडांची बाई आहे हे सांगितलं असावं, कारण ते जरा घाबरले.

"झाडं फेकली का?" मी विचारलं.

"फेकतात का कोनी झाड?" कुसुमताईंना ते लागलंच. "शाळेत लावले. बाकीचे त्या भाऊनं नेले." आणि त्यांनी बोट केलं ते सरळ जीपकडे.

जीपमध्ये बसल्यावर मी अनीसभाईंना विचारलं, "बाकीची झाडं कुठे आहेत?"

"कब्रस्तानात लावले, ताई," ते म्हणाले. "तिथं सावली नव्हती. मय्यत घेऊन गेलं का लोक उन्हात उभे राहत. सगळे जगले. चला, दाखवतो."

"सकाळपासून बोलला नाहीत."

"तुम्ही पहिले त्या बाईकडं जाता का पहिले तारेवर सही करता, ते पाहत होतो. सही केली असती तर बोलणारच होतो."

आधी शाळा पाहिली, मग बार्शीटाकळीत कब्रस्तान. झाडं खरोखर जगली होती, प्रत्येकाला नीट बांधलेलं आळं, शाळेत तर काट्यांचं कुंपणही. ठेकेदाराने रस्त्यावर लावलेल्या झाडांपेक्षा तरतरीत. दुपारी अनीसभाईंच्या घरी जेवले. त्यांच्या बेगम सलमाआपांनी अंबाडीची भाजी, भाकरी आणि माझ्यासाठी म्हणून खास कमी तिखट आमटी केली होती. त्या कमी तिखटानेही माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आपा पदरात हसत राहिल्या आणि मला गुळाचा खडा देत राहिल्या.

तायड्यांना सगळं सांगायला संध्याकाळी पुन्हा त्या गावी गेलो. ते चिडले. "मॅडम, माझ्याकडं झाडं मोजली जातात. रस्त्यावर नाहीत म्हणजे नाहीत. माझं बिल अडलं तर मजुरांना मी काय देऊ?" त्यांचंही खरं होतं. मी म्हटलं, शाळेतली आणि कब्रस्तानातली झाडं तुमच्या कामात धरा असं मी लिहिते. तार नको, तक्रार नको. या घरांसमोर मोठी झाडं न लावता गुडघ्याएवढी झुडपं लावा, धूळ थोडी अडेल आणि पलीकडचं दिसेल. दोन करंज गावाच्या एसटी स्टॉपजवळ लावा, तिथे बाया उन्हात उभ्या असतात.

"वरचे ऐकतील का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि मला खरंच माहीत नव्हतं.

निघण्याआधी कुसुमताईंच्या ओट्यावर, त्या बसतात त्या उंचीला कॅमेरा धरून एक फोटो काढला. त्यात बघण्यासारखं काही नाही. रस्ता, पऱ्हाटी आणि मावळतीच्या उजेडात एक ठिपका, दिगंबरभाऊंचा.

पुण्यात आल्यावर ऑफिसात त्या ठिपक्यावरून वाद झाला. साहेबांचं म्हणणं, एका बाईच्या फडक्यासाठी आराखडा बदलत नसतात. मी म्हटलं, एका बाईचा नाही, पूर्ण ओळीचा आहे, आणि झाडं लावली त्यांच्याच नावाने. शेवटी त्या गावापुरता बदल मान्य झाला. पुढच्या दोन गावांतही तसंच विचारून घ्यावं, ही माझी सूचना मात्र बाजूला पडली. ते अजून डाचतं. हल्ली कुठल्याही कामावर गेले की मी आधी घरांच्या ओट्यावर बसून घेते, कुणी चहा विचारो न विचारो.

वऱ्हाडात जरूर जा, असं मी आता सगळ्यांना सांगते. बघायला काय आहे, असं विचारलं तर मात्र पटकन सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी कुसुमताईंना फोन केला. झुडपं लागली होती, तायडे स्वतः उभे राहून लावून गेले होते. मी विचारलं, "वावर दिसतं का?"

"दिसते ना, चांगलं दिसते," त्या म्हणाल्या. "बाई, जरा थांबजा. थो पाहून राहिला."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग एक ट्रक गेला, कोंबडी ओरडली, फडक्याची फडफड ऐकू आली. त्यानंतर काहीच नाही. तो हात कधी वर करतो याची वाट बघत मी पुण्यात फोन कानाला लावून उभी होते.