काकांचं अर्थिंग

आमच्या थोरल्या काकांचा माणसांपेक्षा वायरींवर जास्त विश्वास. रिटायर झाल्यावर गाण्यासाठी त्यांनी ॲम्प्लिफायर आणला, त्याला दुसऱ्या बोर्डावर लावलेला लॅपटॉप जोडला आणि ॲम्प्लिफायर पहिल्या दिवसापासून घुमायला लागला. कुणीतरी म्हणालं, अर्थिंग बघा. झालं. घुमलं की काका आणखी एक वायर ओढायचे: एक नळाला, एक खिडकीच्या गजाला, एक जिन्याच्या कठड्याला. येता-जाता आम्ही अडखळायचो, आणि घुमणं वाढतच गेलं. काका बिल्डरला शिव्या देत बसले.

शेवटी काकूंनी दुरुस्तीवालीला बोलावलं. तिने कपाळाला हात लावला. "काका, अर्थिंग एकाच जागी हवं. तुम्ही ठिकठिकाणी जोडून वायरींचं रिंगण केलंत, तेच घुमतंय." तिने जादा वायरी उपटल्या, ॲम्प्लिफायर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावले. घुमणं गप्प.

काकांनी ऐटीत माईक धरला. चार वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. दुसरी ओळ संपायच्या आत काकू दुरुस्तीवालीच्या मागे जिना उतरत होत्या. "अगं थांब, ती नळाची वायर तेवढी परत जोडून जा."