तीसपर्यंत मोजायचं

उसामी गुरुजी वारले. चौतीस वर्षं भूगोल शिकवला, पण गाव त्यांना एकाच दुपारसाठी आठवतं. मी त्यांची बाजू घ्यायला बसलेले नाही. पडदे मीच ओढले होते.

आमचा पहिल्याच दिवशी खटका उडाला होता. मी शाळेत नवी, संगीताची शिक्षिका. त्यांच्या स्लाइडच्या तासाला डोकावले आणि एका चित्रावर म्हणाले, "थांबा ना जरा." तर सगळ्या वर्गासमोर, "बाई, जाळायची आहे का फिल्म?"

खरं तेच होतं. शाळेच्या प्रोजेक्टरचा पंखा कधीच बंद पडला होता आणि दिव्याची धग अशी, की अर्ध्या मिनिटापुढे स्लाइडला फोड यायचे. म्हणून मुलं एका सुरात तीसपर्यंत मोजत आणि "बदला!" म्हणून ओरडत. ज्वालामुखी असो की भातशेती, तीस म्हणजे तीस. गुरुजी एकटा जीव. साकेची दारू सोडून त्या पैशांत फिल्म घ्यायचे. आमच्या कोळशाच्या खाणीचीही त्यांनी चित्रं काढली होती.

त्या फेब्रुवारीत खाणीत स्फोट झाला. अठ्ठावीस माणसं गेली. त्यांत सहावीतल्या हात्सुएचे वडील, कुराता सेइजी. सगळ्यांचा अंत्यविधी परवा एकत्र व्हायचा होता, आणि वेदीवर ठेवायला हात्सुएच्या घरात त्यांचा फोटोच नाही. लग्नातला होता तो पुरात गेलेला. हात्सुएला आठवलं, गुरुजींच्या एका स्लाइडमध्ये बाबा आहेत, खाणीच्या तोंडाशी, काळ्या चेहऱ्याने हसणारे.

दुपारी ती आजीला घेऊन आली. गुरुजींनी लगेच स्लाइड शोधली. संध्याकाळी फोटोवाल्याकडे द्यायची म्हणाले. स्लाइडला निगेटिव्ह नसते; होतं ते एवढंच. तोमे आजीने ती उजेडाकडे धरली.

"मेलं काही दिसत नाही. नखाएवढा केलाय माझा पोरगा. भिंतीवर दाखवा की, मास्तर."

"आधी फोटो होऊ दे, आजी."

"वर आणला तेव्हा मला बघू दिलं नाही हो त्याला."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पडदे ओढले.

सेइजी भिंतीवर आला, पुरुषभर उंच. आजी उठून जवळ गेली.

"तोंड धुतलं नाहीस ना, गाढवा? किती वेळा सांगितलं, जेवायच्या आधी तोंड धू." ती हाताने भिंत पुसू लागली.

गुरुजींचा हात स्लाइडवरच होता. तो हलला नाही. सेइजीच्या गालावर तपकिरी ठिपका उठला. करपल्याचा वास आला तशी मी किंचाळले आणि गुरुजींनी उघड्या बोटांनी स्लाइड ओढली. चेहरा उरला नव्हता.

आजी ओरडलीसुद्धा नाही. "इथंही आगीनंच नेला," म्हणाली आणि खाली बसली.

अंत्यविधीला सत्तावीस चेहरे होते आणि एका चौकटीत कोऱ्या कागदावर नाव. लोक गुरुजींना ऐकू जाईल असं बोलत होते. दोन बोटांना पट्टी बांधून ते सगळ्यांत मागे उभे होते. मला त्यांचा राग आला होता आणि माझी मला लाज वाटत होती.

हात्सुए त्यांच्यापाशी गेली.

"गुरुजी, मी मनात मोजत होते. तीस झाले तरी मी 'बदला' म्हटलं नाही. मला अजून बघायचे होते बाबा."

गुरुजी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"मीही मोजत होतो, पोरी," ते म्हणाले. "पंचेचाळीसपर्यंत."