माझाच रिपोर्ट मला वाचवेना

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे दादाची शुगर, वहिनीचा थायरॉइड, काकांची सोनोग्राफी, सगळ्यांचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर चेन्नईला येतात आणि मी फोनवर समजावून सांगते. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

माझ्या मॅमोग्रामचा रिपोर्ट इथल्या शोळिंगनल्लूर भागातल्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत आला. डाव्या स्तनात कॅल्शियमचे बारीक कण, एकाच जागी गोळा झालेले. मी अक्कल चालवली. कॅल्शियमच्या गोळ्या बंद, दूध बंद, दहीसुद्धा बंद. इथं दहीभाताशिवाय जेवण उरकणारी बाई म्हटल्यावर कॅन्टीनवाल्यालाही माझी काळजी वाटायला लागली.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दही खा हो. खाण्याचा याच्याशी काही संबंध नाही. असे कण पुष्कळ बायकांना असतात, बहुतेकींचं काही निघत नाही. तुमचे मात्र घोळक्यानं आहेत, आकारही सारखे नाहीत. त्या जागेचे मोठे फोटो काढू."

मोठ्या फोटोंनीही शंका फिटली नाही. आता सुईनं तिथला नमुना घ्यायचा, आणि तो तपासल्यावरच कॅन्सर आहे की नाही ते कळणार.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. "वहिनीचा कागद बघितलास का?"

"बघितला. गोळी आहे तीच चालू ठेवायची." मग म्हटलं, "आई, माझा पण एक रिपोर्ट आलाय."

"मग वाच की. तुला येतंय."

"माझाच आहे ना, वाचवेना."

 आई म्हणाली, "मला वाचून दाखव."

आईला सही येते, तेवढंच. मी एकेक ओळ इंग्रजीत वाचली आणि मराठीत सांगितली. इतरांना सांगताना 'काळजी करू नका' हे मी आधी म्हणते. या वेळी ते म्हणायला कोणी नव्हतं.

"म्हणजे ते आहे का नाही?"

"माहीत नाही. उद्या सुई घालणार आहेत."

"दादाला सांगते, चेन्नईच्या गाडीत बसवून दे म्हणून."

"उद्यापर्यंत पोचणार नाहीस तू. आणि इथली भाषा कळायची नाही तुला."

"तुला कळती ना? बास झालं. निघते मी."

तपासणीला मी एकटीच गेले. कपडे बदलून झाल्यावर नर्सनं तमिळमध्ये विचारलं, सोबत कोण आलंय? एरवी मी 'कोणी नाही, गरज नाही' असं ठणकावून सांगते. त्या ढगळ गाउनमध्ये ते जमेना.

"आई," मी म्हटलं. "गाडीत आहे अजून."