दिलीपने ठेवलेला आकडा

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तसं असेल तर मी गप्पच बसायला हवं, कारण माझा साडू दिलीप मला कधीच आवडला नाही. दीड महिन्यापूर्वी सकाळी मी एका बंगल्याचं थ्रीडी चित्र काढत बसलो होतो, तेवढ्यात बायको दारात येऊन उभी राहिली. "कुंदाचा फोन होता. दिलीपराव गेले... दुकानात, खुर्चीतच." कुंदा म्हणजे तिची धाकटी बहीण. बायको रडत होती आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर आता हा माणूस कायमचा माझ्या डोक्यावर बसणार. लिहायला लाज वाटते, पण आला खरा.

शोकसभेत जो उठेल तो त्याला देवमाणूस म्हणत होता. कसला देवमाणूस! अतिशहाणा होता एक नंबरचा. रेवदंड्याला, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात, त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. जेवायला बोलावलं तर हा आधी आमच्या फ्रिजमागे हात घालून बघायचा. पानात वाढलेलं निवत असायचं आणि साहेब सांगत असायचे की फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. बायको लगेच ओढायची. मी आठ दिवस सांगितलेलं नळाचं काम मात्र तसंच राहायचं.

माझा लॅपटॉप गेम खेळणाऱ्या पोरांसाठी बनवलेला. किहीमकडे बंगले बांधणाऱ्यांना घर बांधायच्या आधीच बघायचं असतं, आणि त्या चित्रांना असलंच दणकट मशीन लागतं. पण अर्ध्या तासात ते इतकं तापायचं की पंखा बोंबलायचा आणि काम गोगलगायीच्या चालीने सरकायचं. दिलीपने एकदा खालून हात लावला आणि म्हणाला, "साडूभाऊ, ह्यावर भाकरी भाजता का? व्होल्टेज कमी करूया."

मी उडालोच. आमच्याकडे व्होल्टेज कमी म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. वाडीतला पंप जळतो. मिक्सर घरघरतो. माझ्या वडिलांनी आयुष्यात दोन पंप जाळले, आणि हा मला व्होल्टेज कमी करायला सांगतोय! तर तो हसला. त्याचं ते हसणं मला अजून खुपतं. "पंपाचं वेगळं, ह्याचं वेगळं. कंपनी आतल्या सगळ्या चिपांना एकच माप घालते, सगळ्यात कमजोर चिपला पुरंल एवढं. तुमच्या चिपला एवढं लागत न्हाय. जास्तीचं सगळं उष्णतेत जातं, मग तो जीव वाचवायला सोताच हळू चालतो." चार लोकांसमोर हे ऐकवलं. मी मान डोलावली आणि मनात शिव्या दिल्या.

त्याने मशीन दिवसभर दुकानात ठेवून घेतलं. व्होल्टेजचा आकडा थोडा खाली आणायचा, तासभर मशीनला राबवायचं, अडकलं नाही तर आणखी थोडा. असं करत तो उणे सत्तरवर, म्हणजे कंपनीच्या मापापेक्षा सत्तर मिलिव्होल्ट खाली, नेऊन थांबवला. मशीन खरंच गार झालं, पंखा गप्प बसला, काम पळायला लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी उणे एकशेवीस बघितलं होतं, आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. ह्याचं एकशेवीस आणि माझं सत्तर? साडूपेक्षा पन्नासने कमी? प्रत्येक चिप वेगळी असते, हे त्याने मला बजावून सांगितलं होतं. तरी घरी येऊन मी माझ्या हाताने एकशेवीस केलं. कसलीही चाचणी नाही, काही नाही.

तीन दिवसांनी किहीमला गिऱ्हाइकासमोर मशीन गोठलं. चालू केलं, पुन्हा गोठलं. तिसऱ्यांदा गिऱ्हाईकच उठून गेलं. काम दुसऱ्याला मिळालं. त्याच आठवड्यात घरातल्या एका साखरपुड्यात दिलीप ताट घेऊन जेवत होता. मी सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडलो, "ह्या माणसाने माझ्या मशीनचं वाटोळं केलं!"

त्याने घास खाली ठेवला. "आकडा किती व्हता, साडूभाऊ?"

"तू ठेवलास तोच."

त्याला कळलं होतं. सत्तरवर दिवसभर राबवलेलं मशीन असं अडकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? एक शब्द बोलला असता तर माझी तिथेच शोभा झाली असती. पण "बरं" म्हणाला आणि हात धुवायला गेला. हेच मला सहन होत नाही. भांडायचं ना! चार शिव्या घालायच्या! मग दीड वर्षं आम्ही बोललो नाही आणि आता तर हा गेलाच. साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आकडा गुपचूप सत्तरवर आणला होता. तेव्हापासून मशीन एकदाही अडकलेलं नाही.

तेराव्यानंतर दुकान आवरायला आम्ही गेलो. कुंदा स्क्रू निवडून डबीत भरत होती. मान वर न करता म्हणाली, "भावोजी, एक विचारू? त्या साखरपुड्यानंतर ह्यांनी ते व्होल्टेजचं काम बंदच केलं. अलिबागवरून पोरं लॅपटॉप घेऊन यायची, तर नको म्हणायचे. स्क्रीन बदलतो, कीबोर्ड बदलतो, बाकी काही न्हाय. मी खूप सांगून बघितलं. म्हणायचे, लोकांना वाटतंय माझा हात चुकतो. खरंच चुकला व्हता का हो?"

"मशीनचं काय सांगता येतं, कुंदा," मी म्हणालो.

एवढंच. ती "व्हय" म्हणाली आणि पुन्हा स्क्रू निवडायला लागली. नवरा गेला त्याहून जास्त तिला हे टोचत होतं, मला दिसत होतं, आणि तरी माझी जीभ उचलली नाही. दिलीप मला अजूनही आवडत नाही. गेला तरी माझ्यापेक्षा वरचढच राहिला तो. पण रोज सकाळी मी मशीन उघडतो, चित्रं काढतो, पोट भरतो, ते त्याच्या सत्तरवर.

कुंदा दर रविवारी पेपरची ही पुरवणी वाचते. आधी शब्दकोडं सोडवते, मग बाकीचं सगळं, अगदी जाहिरातींसकट. तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथे लिहितो.

कुंदा, दिलीपचा हात चुकला नव्हता. मी खोटं बोललो.