माल्ट्याचे मामा

माझ्या मामांइतका एका फळाच्या नादी लागलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. ते पलटणीच्या लंगरात स्वयंपाकी होते. शेवटची काही वर्षं पंजाबात काढली आणि पेन्शनीवर येताना इतर फौजी ट्रंका आणतात तसं ह्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळलेलं एक रोप आणलं. ते लाल माल्ट्याचं होतं. वरून साधं संत्रंच, पण कापलं की आत डाळिंबासारखं लालभडक. येरमाळ्याजवळच्या मळ्यात ते झाड लागलं, वाढलं आणि पहिल्यांदा फळलं, तेव्हा मामांनी शेजारच्या म्हातारीसमोर मोठ्या ऐटीत एक फळ कापलं. ती किंचाळली, “अगं बाई, फळातनं रगत आलं!” आणि तशीच उठून येडेश्वरीला नारळ बोलून आली.

मामींनी ते फळ घरच्या चुलीजवळ येऊ दिलं नाही. मग मामांनी पडवीत स्वतःची वेगळी चूल मांडली आणि तिथं त्यांचं राज्य सुरू झालं. सालींचं गूळ-तिखटाचं लोणचं, माल्ट्याच्या रसात शिजवलेला गुलाबी भात, कोंबडीच्या रश्श्यात शेवटी पिळलेल्या दोन फोडी. हे सगळं खरोखर झकास लागायचं. पण यश पचवणं मामांना जमत नसे. एकदा त्यांनी उकळत्या खिरीत तांब्याभर रस ओतला. दूध फाटलं. मामी हसू दाबत म्हणाल्या, “नासलं का?” मामा ढवळत राहिले. “नासलं न्हाय, पनीर झालंय.” आणि आम्हा सगळ्यांना ते गोड पनीर भाकरीशी खावं लागलं.

सरबताच्या बाबतीत मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. माठातलं पाणी, गूळ, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ठेचलेलं आलं आणि वरून तो लाल रस. पोस्टमन, तलाठी, मोटार दुरुस्त करायला आलेला मिस्त्री, कोणीही पेला संपवल्याशिवाय हलू शकत नसे.

माझ्या लग्नाची बोलणी निघाली तेव्हा बैठक मामांनी हट्टानं आपल्याकडे ठेवली. मुलगी लोहाऱ्याची, कृषी सहायक. घर बघायला मी स्वतःही येणार, असं तिनं कळवलं होतं, आणि त्यामुळे आमची आई आधीच धास्तावली होती. मामांनी मुलीच्या वडिलांना तीनदा फोन करून सांगितलं होतं, “असं लाल सरबत पाजतो की जल्मात इसरनार न्हाय!” आणि त्या दिवशी सकाळी पहिलं फळ कापलं तर आत पिवळं. दुसरं पिवळं. टोपलीभर फळं कापली, एकाही फळाला लाली नव्हती. मामांचा चेहरा उतरला. आईनं हळूच सुचवलं, “थोडं बीट किसून पिळ की. कुणाला कळतंय?”

“आक्का,” मामा ताडकन उठले, “लेकराचं लगीन बीटावर लावायचं व्हय?”

पाहुणे आले. पिवळ्या सरबताचे पेले हातोहात फिरले. मुलीचे वडील पेल्यात बघत राहिले. तेवढ्यात मामा साहेबापुढं उभं राहावं तसे सावधानमध्ये उभे राहिले. “पाहुणं, म्या लाल म्हनलो हुतो. औंदा रंग आला न्हाय. चूक माजी हाय.” शब्दाला न जागणाऱ्यांचं घर, असं पाहुण्यांच्या मनात आलं असणार. मग मुलगीच म्हणाली, “तुमची कशाची चूक, मामा? औंदा थंडीच पडली न्हाय. रात्री गारठल्याबिगर ह्याला रंग चढत नसतोय.” आणि रिकामा पेला पुढं केला. “आजून थोडं मिळंल का?”

मामांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, “पोरगी पसंत हाय.” माझं मत कोणी विचारलं नाही. पण मी तरी वेगळं काय सांगणार होतो?

त्यानंतर दर हिवाळ्यात येरमाळ्याहून कळंबला येणाऱ्या एसटीतून आमच्यासाठी माल्ट्याची पिशवी यायची. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मळ्यातलं बोअर आटलं. मामांनी सत्त्याहत्तराव्या वर्षी घागरींनी पाणी वाहिलं, तरी झाड वाळलं. त्या हिवाळ्यात मामींचा फोन आला. “तुमचे मामा चुलीपशी जातच न्हायीत. येऊन जावा.” आम्ही गेलो. मामींनी पिठलं-भाकरी वाढली. मामा मुकाट्यानं जेवले आणि हात धुऊन ओसरीत बसून राहिले.

परत आल्यावर बायको लाल माल्ट्याचं रोप शोधायच्या मागं लागली. मग तिनं किती रोपवाटिका पालथ्या घातल्या कोण जाणे. सगळीकडे मोसंबी दाखवत. शेवटी तिच्या ऑफिसातल्या एकाचा भाऊ फौजेत निघाला आणि यंदा पावसाळ्यात तो सुट्टीवर येताना पंजाबातून एक रोप घेऊन आला. आम्ही ते मळ्यात नेलं. मामांनी स्वतः खड्डा घेतला, आळं केलं, माती हातानं दाबली. “फळ धरायला किती वर्सं?” त्यांनी विचारलं. “चार-पाच,” बायको म्हणाली. मामांनी बोटांवर वर्षं मोजली.

“वही हाय का गं? सरबताचं लिहून घे.”

तिनं पर्समधून कागद काढला. गूळ किती, तिनं विचारलं. “आंबट बघून.” मीठ? “चिमटीनं.” कुणाची चिमूट, मामा? त्यांनी स्वतःची बोटं जुळवून तिच्यापुढं धरली. तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला, चिमटीकडे नीट बघितलं आणि खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहीत राहिली.